म्हातारपणाची पुंजी पी.पी.एफ.मध्ये केव्हा वळवावी?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण तोच पैसा मुदत ठेवीत टाकला की व्याज करपात्र होते. पोस्टातील पी.पी.एफ. खात्याचे व्याज मात्र करमुक्त असते. मग सारी ठेव तिकडे वळवावी काय? आम्ही म्हणतो, घाई नको. हे खाते 15 वर्षांचे. पंचेचाळिशीत उघडले तर साठी गाठल्यावर रक्कम हाती येते. बी-बियाणे, औषधपाणी, मुलीचे लग्न यांचा पैसा बाहेरच ठेवावा. उरलेला, वर्षाला 1,50,000 रुपयांपर्यंत, ठेवीची मुदत भरेल तसतसा वळवावा. मुदतीआधी ठेव मोडल्यास व्याज घटते. महिन्याच्या 5 तारखेपर्यंत भरल्यास त्याही महिन्याचे व्याज मिळते. योसेफाने सुकाळात पाचवा हिस्साच कोठारात टाकला. बाकीचा लोकांच्या ताटात राहिला.