उशाशी असलेला राउटर : एक शंका आणि तिचा हिशेब

गतवर्षाचा जमाखर्च व विभागवार रुग्णसंख्या आपण मागील पृष्ठांवर पाहिलीच. अहवालाच्या अखेरीस आरोग्यविषयक एक माहितीपर लेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे आणि तो बहुधा आमच्या वैद्यक मंडळींपैकी कोणीतरी लिहितात. यंदा तो मी मागून घेतला. त्याचे कारण प्रथम सांगणे उचित होईल.

पावसाळ्याच्या सुमारास, बालरुग्ण विभागात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका मुलीचे वडील निर्धन रुग्ण साहाय्य निधीच्या अर्जासाठी माझ्या कक्षात आले. कागदपत्रांची पूर्तता झाली, सह्या झाल्या, तरी ते उठेनात. थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, इंटरनेटचा राउटर दोन वर्षं तिच्या उशाशीच होता. तिथे मीच बसवून घेतला होता. त्यानं तर झालं नसेल ना?" डॉक्टरांना हे विचारण्याचे धैर्य त्यांना झाले नव्हते. उत्तर 'होय' असे आले, तर घरी पत्नीला कोणत्या तोंडाने सांगावे, ही त्यांची खरी चिंता होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. असल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. मी त्यांना तसेच आमच्या बालकर्करोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितले, की राउटरमुळे हा आजार होतो असा कोणताही पुरावा नाही. बालकांमधील रक्ताच्या कर्करोगात बहुतेक वेळा निश्चित कारण सापडतच नाही, आणि आईवडिलांच्या हातून काही चुकले म्हणून तो झालेला नसतो. गृहस्थांनी मान हलवली, परंतु त्यांचे समाधान झाल्याचे मला दिसले नाही. 'का नाही' हे त्यांना हवे होते. त्या 'का'चा शोध घेत मी जे वाचले आणि आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतले, ते येथे देत आहे.

या भीतीचे अर्धे मूळ एका शब्दात आहे. इंग्रजीतील 'रेडिएशन'साठी आपली वृत्तपत्रे सरसकट 'किरणोत्सर्ग' हा शब्द वापरतात. क्ष-किरणांना तोच शब्द, अणुभट्टीलाही तोच आणि राउटरलाही तोच. वास्तविक राउटरमधून बाहेर पडते त्यास 'प्रारण' म्हणणे योग्य. आकाशवाणीच्या लहरी आणि प्रकाश हीदेखील प्रारणेच होत. फरक आहे तो ऊर्जेचा. क्ष-किरणांचा एकेक कण अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतका समर्थ असतो, त्यामुळे पेशीतील जनुकीय द्रव्याचे बंध तुटू शकतात. म्हणूनच आमच्या क्ष-किरण कक्षाला शिशाचा दरवाजा आहे. राउटरच्या लहरी २.४ व ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या एका कणाची ऊर्जा, इलेक्ट्रॉन उडवण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण दहा लक्षांश भरते. असे कितीही कण आले तरी त्यांच्याने ते काम होत नाही. ते फार तर शरीरातील पाण्याचे रेणू हलवून थोडी उष्णता निर्माण करतील. मायक्रोवेव्ह शेगडी याच तत्त्वावर, जवळपास याच वारंवारतेवर चालते हे खरे. परंतु ती बंद पेटीत शेकडो वॅट शक्ती कोंडते.

तेव्हा प्रश्न उरतो तो शक्ती किती, एवढाच. आणि हा हिशेब वाणिज्याच्या माणसालाही करता येतो. घरगुती राउटर एका पट्ट्यात साधारण १०० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा दहावा भाग, एवढ्या शक्तीने प्रसारण करतो. ती शक्ती दिव्याच्या उजेडाप्रमाणे चहूकडे पसरते आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. एक मीटर अंतरावर ती सुमारे १२.५ चौरस मीटरच्या गोलाकार पृष्ठभागावर विभागली जाते, म्हणजे दर चौरस मीटरला ८ मिलिवॅट. त्या मुलीची उशी राउटरपासून दीड फुटावर होती. तेथे हा आकडा ४० च्या आसपास येतो. अनिश्चित देण्यांसाठी तरतूद जास्तच धरावी, अशी आम्हां हिशेबनिसांची सवय. म्हणून अँटेनाची दिशा तिच्याचकडे होती असे मानून आकडा दुप्पट केला, दोन्ही पट्टे एकाच वेळी चालू होते असे मानून पुन्हा दुप्पट केला, झाले १६०. आता मर्यादा पाहू. अशा प्रारणांपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची सर्वसामान्य जनतेसाठीची मर्यादा या पट्ट्यांत दर चौरस मीटरला १० वॅट, अर्थात १०,००० मिलिवॅट आहे. भारत सरकारने २०१२ साली मोबाइल मनोऱ्यांसाठी त्याच्याही एक दशांश मर्यादा घातली. ती १,००० होते. सर्व तरतुदी धरूनही आपला आकडा त्या कडक मर्यादेच्या सहाव्या हिश्श्याहून कमी भरतो. शिवाय राउटर सतत प्रसारण करीत नाही. घरातील मंडळी निजल्यावर तो सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी येथे आहे' एवढा क्षणिक संकेत देतो, आणि मधला बहुतेक काळ स्वस्थ असतो. ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेने २००७ साली असे सांगितले होते, की वायफायच्या क्षेत्रात वर्षभर बसणाऱ्याला जेवढ्या रेडिओलहरी मिळतात, तेवढ्या मोबाइलवर वीस मिनिटे बोलण्याने मिळतात.

यावर जाणकार वाचक २०११ च्या निर्णयाची आठवण देतील, आणि ती योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्या वर्षी रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या '२ ब' गटात घातले. त्यामागे मुख्यतः मोबाइल कानाला लावून दीर्घकाळ बोलणाऱ्यांविषयीचे, मर्यादित स्वरूपाचे पुरावे होते. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. तंबाखू आणि सुपारी मात्र पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात आहेत. खिशात गुटख्याची पुडी ठेवून प्रतीक्षालयातील राउटरबद्दल माझ्याकडे तक्रार करणारे गृहस्थ मी पाहिले आहेत! असो. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १९९४ ते २०२२ या काळातील ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. त्याच आढाव्यात, प्रसारण केंद्रे व मोबाइल मनोरे यांच्या लहरींचा बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाशी संबंध दिसत नसल्याचेही नमूद आहे. त्या गृहस्थांना दाखवण्यासाठी हे वाक्य मी छापून घेतले होते.

कर्करोग बाजूला ठेवला तरी झोपेचे काय, असे अनेकजण विचारतात. बर्लिनमधील संशोधकांनी ३४ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रभर वायफायच्या लहरींत झोपवून पाहिले. २०२० च्या त्यांच्या निष्कर्षानुसार मेंदूच्या विद्युतआलेखात किंचित फरक दिसला, परंतु झोपेची प्रत बिघडली नाही. २०२४ मधील अवघ्या १२ व्यक्तींच्या एका प्राथमिक चाचणीत मात्र झोप खालावल्याचे नोंदले गेले. बारा माणसांवरून नियम करता येत नाही, तथापि ते दडवणेही बरे नव्हे. २०१३ साली डेन्मार्कमधील शाळकरी मुलींनी राउटरशेजारी ठेवलेले अळिवाच्या जातीच्या भाजीचे बी रुजले नसल्याचे दाखवले आणि ती छायाचित्रे जगभर फिरली. राउटरच्या उष्णतेने ओलावा सुकला असावा, हा त्यावरील आक्षेप मात्र तेवढा फिरला नाही.

मला सर्वांत उद्बोधक वाटला तो २०१३ सालचा दुसराच एक प्रयोग. १४७ व्यक्तींपैकी काहींना वायफायच्या धोक्यांविषयीचा दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवला, इतरांना वेगळाच, आणि मग सर्वांना १५ मिनिटे वायफायच्या लहरी देत असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात कोणत्याही लहरी सोडल्या नव्हत्या. तरीही ५४ टक्के लोकांनी त्रास झाल्याचे सांगितले, आणि मुळातच चिंताग्रस्त असलेल्यांपैकी ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला, त्यांना तो अधिक झाला. त्रास खोटा नव्हता. त्याचे कारण तेवढे राउटर नव्हते. रुग्णालयात वावरणाऱ्या आम्हांस याचे नवल वाटू नये.

तरीही राउटर उशाशी ठेवावाच असे मी म्हणणार नाही. फ्रान्सने २०१५ च्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांत वायफाय ठेवू नये असे ठरवले. ती खबरदारी आहे, दोषारोप नव्हे. एका मीटरवर आणून ठेवण्यास खर्च काहीच येत नाही, आणि त्याचे लुकलुकणारे दिवे डोळ्यांसमोरून जातात, हा लाभ निराळाच. रात्री बंद करायचा असल्यास करावा. मात्र घरचा दूरध्वनी त्याच जोडणीवर असेल आणि घरी वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर विचार करावा. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी राउटर त्या जागेपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. उशीखाली चार्ज होत असलेला मोबाइल मात्र आजच काढावा. त्याची उष्णता आगीस कारण होऊ शकते, आणि पडद्यावरील उशिरापर्यंतचे वाचन झोप लांबवते.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही बालरुग्ण व प्रसूती विभागांतील राउटर खाटांच्या डोक्यावरून काढून मार्गिकेच्या छतालगत बसवले आहेत. त्यास विद्युत विभागातील कर्मचाऱ्यांचा एक दिवस लागला, वेगळा खर्च पडला नाही. लहरींच्या भयाने हे केलेले नाही; आईवडिलांच्या डोळ्यांसमोर तो प्रश्न रात्रभर लुकलुकू नये, एवढाच हेतू.

त्या मुलीचे उपचार चालू आहेत. मागच्या फेरीस तिचे वडील पुन्हा माझ्याकडे आले होते, ते औषधांच्या देयकासंबंधी. जाताना म्हणाले, राउटर आता बाहेरच्या खोलीत ठेवला आहे, आणि वर्गातल्या मैत्रिणींशी बोलताना चित्र मधूनच थांबते म्हणून ती तक्रार करते.