'गारवा' : कवितेचा उच्चार
किशोर कदम या नटाने 'सौमित्र' या नावाने लिहिलेल्या कविता १९९८ मधील 'गारवा' या ध्वनिफितीत स्वतः म्हटल्या. गीते मिलिंद इंगळे यांनी स्वरबद्ध करून गायिली. भावगीतात कवीचा शब्द बहुधा गायकाच्या कंठातूनच श्रोत्यापर्यंत पोहोचतो. येथे मात्र गीतापूर्वी कवीचाच आवाज येतो. नटाकडून अभिनिवेशाची अपेक्षा असताना सौमित्र संभाषणाच्या लयीत, आवाज न चढवता बोलतात. विराम हाच ओळीची सीमा ठरवतो. परिणामी हे कथन गीताची केवळ प्रस्तावना न राहता स्वतंत्र काव्यानुभव ठरते. लोकप्रियतेच्या कारणास्तव अशी ध्वनिफीत अभ्यासकक्षेबाहेर ठेवणे उचित नव्हे. ओवी-अभंगांची परंपरा मुद्रणापूर्वी मुख्यतः श्रवणातूनच टिकली. म्हणून काव्याच्या अर्थनिर्णयात मुद्रित संहितेबरोबर उच्चारही विचारात घ्यावा लागेल.