नाव आपले, जागा दुसऱ्याची

माझे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्या तोंडचे उचल, मोळी, वाढे, खोपी असे शब्द मी गेल्या वर्षी वहीत उतरवले आणि मुक्त परवान्याखाली गिटहबवर ठेवले. गिटहब पेजेसने त्यांचे संकेतस्थळ फुकट करून दिले. पण पत्ता गिटहबच्या नावाचा.

असा पत्ता कायमचा नसतो. २००६ साली सुरू झालेले गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले आणि तेथील प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावे लागले. ज्यांचे मुखपृष्ठ स्वतःच्या नावावर होते, त्यांनी त्यावरचा दुवा तेवढा बदलला. वाचकांचा पत्ता तोच राहिला. दर हंगामाला गाव बदलणाऱ्यांच्या मुलाला हे पटायला वेळ लागला नाही.

डोमेन नाव विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळते. शिष्यवृत्तीतून मी एक घेतले. नावापुढे जागा लिहिलेली जी वही, ती डीएनएस. तीत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी सीनेम नोंद करायची आणि तिच्यात आपले वापरकर्ता-नाव व पुढे 'गिटहब.आयओ' एवढेच लिहायचे. मी प्रकल्पाचे नावही जोडले आणि दोन दिवस घालवले! नुसत्या नावासाठी मात्र चार 'ए' नोंदी लागतात: १८५.१९९.१०८.१५३ आणि तिसऱ्या आकड्याजागी १०९, ११०, १११ घालून उरलेल्या तीन. बदल सर्वत्र पोचायला चोवीस तासही लागू शकतात.

वहीला हात लावण्याआधी गिटहबच्या सेटिंग्जमध्ये नाव भरावे. माझ्या प्रकल्पात त्यामुळे 'सीनेम' नावाची फाईल तयार झाली. पुढे मी जुने फोल्डर तिच्यावर चढवले, फाईल गेली आणि स्थळही नावावरून उतरले. चूक सर्वस्वी माझी. उलट, स्थळ बंद केले तर डीएनएसमधली नोंदही काढावी. नाहीतर दुसरा कोणी आपल्या नावाखाली स्वतःची पाने लावू शकतो.

प्रकल्पाच्या पानावर उजवीकडे 'अबाउट'मध्ये मुखपृष्ठाचा दुवा असतो. तो मी विसरलो होतो. एका वर्गमित्राला प्रकल्प सापडला, पण शब्द वाचायचे कोठे हे कळेना, तेव्हा भरला.

परवा आईने फडातून फोन केला. मुकादमाच्या मोबाईलवर कोणीतरी तिला पान वाचून दाखवले होते. म्हणाली, "वाढं म्हंजे नुसता चारा न्हाई रं. ते इकून आमचं मीठमिरची भागतं. तेबी लिही."