विक्रीच्या मालाचे छायाचित्र : दूरच्या गिऱ्हाइकाला दाखवावयाचा नमुना

तासगाव किंवा सांगली येथील बाजार समितीत बेदाण्याचा सौदा होतो तेव्हा व्यापारी प्रथम नमुना हातात घेतो. दाण्याचा रंग उजेडात पाहतो, दाणा बोटांनी दाबून पाहतो, चव घेतो आणि मगच भाव बोलतो. हळदीच्या सौद्यातही हळकुंड मोडून आतील रंग पाहण्याची रीत आहे. मालाची पारख अशा रीतीने डोळा, हात व जीभ ह्या तिघांच्या साहाय्याने होत असते.

परंतु जो उत्पादक पाव किंवा अर्धा किलोची पुडी बांधून मुंबई, पुणे अथवा त्याहून दूरच्या घरी माल पाठवू इच्छितो, त्याच्या गिऱ्हाइकापाशी ह्या तिहींपैकी केवळ डोळाच उरतो, आणि त्या डोळ्यापुढे माल नसून मालाचे छायाचित्र असते. यास्तव छायाचित्र ही शोभेची बाब न मानता तो मालाचा नमुनाच होय, असे समजले पाहिजे. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या व घरगुती प्रक्रिया उद्योग ह्यांनी ह्या बाबीचा विचार हिशेबी दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

ह्याच भूमीतील एक जुने उदाहरण

लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत पुष्कळ शेतकऱ्यांत होती. नांगर उत्तम असूनही तो खपविणे कठीण गेले. पुढे १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी वसली. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर ह्यांनी तेथे जाहिरातीचे काम सांभाळले, आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झाले. माल चांगला असणे ही एक गोष्ट आणि तो चांगला आहे हे न पाहिलेल्या माणसाला पटविणे ही दुसरी गोष्ट, आणि ह्या दुसऱ्या कामासाठी जाणकार माणूस लागतो, हे त्या कारखान्याने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

कोणत्या मालाचे काय दाखवावे

प्रत्येक मालाची एक ओळख असते. छायाचित्रात ती दिसली तरच चित्राचा उपयोग.

बेदाणा : रंग, आकाराचा सारखेपणा व दाण्याची पारदर्शकता ही त्याची लक्षणे होत. प्रकाश मागील बाजूने थोडा तिरपा येऊ दिल्यास दाणा उजळून त्याचा मांसलपणा दिसतो. समोरून झगझगीत प्रकाश टाकल्यास तोच दाणा चपटा व निस्तेज भासतो. हिरवा, पिवळा व तपकिरी बेदाणा एकाच चित्रात मिसळू नये.

हळद : पिवळा रंग चित्रात सहज बिघडतो. प्रकाश जास्त झाल्यास भुकटीचा एकसारखा पिवळा डाग दिसतो व तिचा पोत नाहीसा होतो. मोडलेले हळकुंड भुकटीशेजारी ठेवल्यास आतील खरा रंग गिऱ्हाइकास कळतो. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून उघडी भुकटी चित्रासाठी उन्हात फार वेळ ठेवू नये.

गूळ : भेंडीच्या रसाने मळी काढून, रसायन न वापरता केलेला गूळ बहुधा गडद असतो. तो पिवळाधमक दाखविण्याचा मोह टाळावा. गडद रंग हा येथे दोष नसून ओळख आहे, आणि शेजारच्या दोन ओळींत त्याचे कारण सांगता येते.

वाघ्या घेवडा : कोरेगाव भागातील ह्या घेवड्याचे नावच त्याच्या दाण्यावरील पट्ट्यांवरून पडले आहे. ते पट्टे स्पष्ट दिसतील इतक्या जवळून एक चित्र घ्यावे.

स्ट्रॉबेरी : महाबळेश्वर परिसरातील फळ तोडणीनंतर लवकर कोमेजते. सकाळी तोडलेल्या फळाचे, हिरव्या देठासह, त्याच दिवशी चित्र घ्यावे.

प्रकाश व पार्श्वभूमी

छायाचित्रकार नेमावयाचा असो वा नसो, पुढील गोष्टी उत्पादकास ठाऊक असाव्यात. दुपारचे थेट ऊन टाळावे. उत्तरेकडील खिडकीतून येणारा सौम्य उजेड उत्तम. खिडकीचा उजेड व विजेच्या दिव्याचा पिवळा उजेड ह्यांचे मिश्रण करू नये, त्यायोगे मालाचा रंग खोटा दिसतो. सावलीच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केल्यास काळोख कमी होतो. मालाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून पहिले चित्र घ्यावे. कागद चित्रातही पांढराच दिसला तर बाकीचे रंगही बहुतांशी खरे आहेत असे समजावे. चकचकीत पिशवीवर दिव्याचे प्रतिबिंब पडून अक्षरे पुसट होतात, म्हणून पिशवी किंचित तिरपी धरावी.

दर मालाची निदान पाच चित्रे असावीत : पांढऱ्या पार्श्वभूमीवर पुडीची पुढील बाजू, मागील बाजूचा मजकूर, वाचता येईल असा, उघडा माल जवळून, आकार कळावा म्हणून चमचा किंवा तळहातासह माल, आणि माल जेथे तयार होतो ते स्थळ, उदाहरणार्थ बेदाण्याची शेड किंवा गुऱ्हाळ.

खर्चाचा हिशेब

कुशल छायाचित्रकाराचा खर्च डोईजड वाटतो, तो एकरकमी द्यावा लागतो म्हणून. समजा, एका गटाने ह्या कामासाठी ६,००० रुपये खर्च केले. त्या चित्रांवर ५०० पुड्या विकल्या गेल्या तर पुडीमागे १२ रुपये पडतात. ३,००० पुड्या गेल्या तर केवळ २ रुपये. सबब वर्षाकाठी शंभर पुड्या विकणाऱ्याने वरील सूचनांप्रमाणे स्वतःच चित्रे घ्यावीत. विक्री वाढू लागल्यावर चार-पाच गटांनी मिळून एका दिवसासाठी छायाचित्रकार बोलवावा व खर्च वाटून घ्यावा. जो शेतकरी आपला सर्व माल सौद्यातच विकतो, त्यास हा खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

काम देताना लेखी करार करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, उलट करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे असतो. दुसऱ्याच्या मालाचे चित्र उचलून आपल्या मालास लावणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे.

चित्र खरे असले पाहिजे

हळदीत घातक रंगांची भेसळ होते हे गिऱ्हाइकास ठाऊक असते. अशा स्थितीत संगणकावर रंग गडद केलेले चित्र विश्वास वाढविण्याऐवजी संशय निर्माण करते. चित्रात सोनेरी दिसलेला बेदाणा घरी तपकिरी निघाला, तर माल परत येतो. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा वळत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारवाईसही पात्र ठरते. म्हणून चित्रासाठी निवडक दाणे न वेचता भरलेल्या पोत्यातील सरासरी माल घ्यावा, आणि नवा हंगाम आला की नवे चित्र घ्यावे.

महाबळेश्वर स्ट्रॉबेरी, सांगली बेदाणा, वाघ्या घेवडा व सांगली हळद ह्यांस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तथापि त्या मानांकनाचे चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनीच पुडीवर व चित्रात वापरावे.

सारांश

छायाचित्राने हलका माल भारी होत नाही. परंतु चांगला माल वाईट चित्रामुळे हलका ठरू शकतो, आणि बारा महिने राबून पिकविलेल्या, शिजविलेल्या, वाळविलेल्या मालाचे मोल एका अंधुक चित्रापायी उणे व्हावे, ही हानी टाळता येण्याजोगी आहे. उत्पादकांनी आपल्या पुडीचे आज वापरात असलेले चित्र व प्रत्यक्ष माल शेजारी शेजारी ठेवून पाहावा. दोहोंत अंतर दिसल्यास येत्या हंगामाचा माल बाजारात जाण्यापूर्वी ते दूर करावे.