हिवाळ्याचा पाठ : ऊब राखण्याची विद्या

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत आपल्या शाळांतून 'ऋतू' हा पाठ बहुधा स्वेटर, शेकोटी आणि संत्री या तीन चित्रांवर आटोपतो. चित्रे खोटी नाहीत. परंतु नागपूर परिसरातील थंडी एवढ्यावर भागविण्याजोगी नव्हे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. मैदानी प्रदेशात पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला की हवामान खाते तीस थंडीची लाट म्हणते. आपला जिल्हा उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असल्यामुळे लोक उन्हाची तयारी चैत्रापासून करतात. थंडीची मात्र कोणी करीत नाही. म्हणून हा पाठ शिक्षकांनी जरा विस्ताराने घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

पाठाचे सूत्र एकच ठेवावे : थंडीत नवी ऊब निर्माण करण्यापेक्षा असलेली ऊब राखणे अधिक सोपे, स्वस्त व निर्धोक असते.

प्रारंभ प्रयोगाने करावा. वर्गात तापमापक आणून मुलांना विचारावे की, तो गोधडीत गुंडाळून ठेवला तर पारा चढेल काय? बहुतेक मुले 'चढेल' असेच म्हणतील. अर्ध्या तासाने गोधडी उलगडून पारा जेथल्या तेथे आहे हे त्यांनाच वाचू द्यावे. नंतर सारख्या आकाराच्या दोन तांब्यांत सारखेच कोमट पाणी घ्यावे, एक उघडा ठेवावा व दुसरा झाकून गोधडीत गुंडाळावा. पुन्हा अर्ध्या तासाने दोन्ही पाण्यांचे तापमान फळ्यावर लिहावे. गोधडी ऊब देत नाही, ती ऊब जाऊ देत नाही, हे वाक्य मुलांच्या तोंडून यावे. शिक्षकांनी आधी सांगून टाकू नये.

येथून रात्रीकडे वळणे सुकर होते. दिवसा जमीन तापते आणि रात्री ती उष्णता आकाशाकडे जात राहते. आभाळात ढग असले तर ते गोधडीचे काम करतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा उत्तरेचा असला की ही गोधडी निघून जाते व पहाटे पारा एकदम उतरतो. जेथे शनिवारी सकाळची शाळा भरते तेथे मुलांना जवळच्या विहिरीकडे सांभाळून न्यावे. पाण्यावर वाफ तरंगताना दिसेल. विहिरीतले खोल पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचे राहते. हवाच एवढी गार झालेली असते की ते आपणांस ऊन भासते.

शेतकऱ्याने संध्याकाळी पिकाला हलके ओलीत का द्यावे, याचे उत्तर याच विहिरीत आहे. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अधिक उष्णता साठविते व ती रात्रभर हळूहळू सोडते. वाफ्यातील कोवळ्या रोपांवर सायंकाळी तणसाचे किंवा गोणपाटाचे आच्छादन घालून सकाळी ऊन आल्यावर काढावे. पपई-केळीच्या उत्तर बाजूस कुडाचा आडोसा करावा. गहू व हरभऱ्याला थंडी मानवते, परंतु फुलोऱ्यात आलेल्या हरभऱ्यास व तुरीस कडाक्याची थंडी बाधते, हेही मुलांना ठाऊक असावे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. वाडी आता नगरपरिषदेचे गाव झाले, रस्त्याच्या कडेने गोदामे उभी राहिली. तरी तेथून काटोल-कळमेश्वरकडे निघाले की संत्र्याच्या बागा लागतात. ज्या बागेत आंबिया बहार धरावयाचा असतो तिचे पाणी याच सुमारास तोडून झाडांना ताण देतात. अशा बागेला 'थंडी पडली, पाणी द्या' असा सरसकट सल्ला दिला तर ताण मोडेल आणि फूल बिघडेल. ज्या झाडांवर मृगाची फळे पोसत आहेत त्यांना मात्र पाणी हवेच. कोणाच्या घरी कोणता बहार आहे, हे वर्गात विचारूनच बोलावे. या विषयात मुले आपणांस शिकवतील. बागेचे प्रश्न अवघड असतील तर नागपुरात अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिचा निर्देश पालकांना करावा.

गोठ्याविषयी थोडकेच. वाऱ्याच्या बाजूस पोत्यांचा पडदा, वासराखाली कोरडे कुटार, आणि छताजवळ हवेला वाट. गोठा अगदी बंद केल्यास मूत्राची उग्र वाफ कोंडून जनावरांच्या छातीला त्रास होतो.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती गोष्ट. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत अनेक घरांत आहे. गोदामांवरील रात्रीचे राखणदार व मजूरही घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत निजतात. धूर निघून गेला, निखारा लाल झाला, की आता भय नाही, अशी समजूत असते. ही समजूतच घातक आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, घेरी येते, मळमळते आणि गुंगी येते. निजलेल्या माणसाला यांतले काहीच कळत नाही. राखेखाली झाकलेला निखाराही हा वायू सोडीत असतो.

काही शिक्षक या ठिकाणी पेल्याखाली मेणबत्ती विझविण्याचा प्रयोग दाखवितात. प्रयोग चांगला आहे, पण त्यातून 'दिवा जळत आहे तोवर हवा चांगली' असा समज होऊ देऊ नये. खोलीतील दिवा तेवत असतानाही हा वायू जीव घेऊ शकतो.

हे घरी पोहोचवावयाचे तर आजीचा मान राखून. शेगडी ही तिच्या मायेची रीत आहे. तिला अडाणी ठरविणारा मुलगा घरात एक शब्दही ऐकवू शकणार नाही. त्याने गोधडीचा प्रयोग आजीसमोर करून दाखवावा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवावे, वरून दोघांवर पांघरूण घालावे, बाळाच्या डोक्यास टोपडे व पायांस मोजे असावेत, आणि जन्मल्याबरोबर त्याला न्हाऊ घालू नये. शेगडीवर पाणी व कपडे तापवावयाचे ते अंगणात, आणि शेगडी तेथेच विझवावी. आशाताई व अंगणवाडीताई हेच सांगत असतात. त्यांना एक दिवस शाळेत बोलावल्यास मुलांच्या बोलण्याला आधार मिळेल.

बंद खोलीत कोणी गुंगीत आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, माणसास मोकळ्या हवेत आणावे व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक वरच्या वर्गातील प्रत्येक मुलास पाठ असावा.

शाळेच्या ओसरीत सावलीत एक तापमापक टांगावा व माघ संपेपर्यंत रोज शाळा भरताना त्यावरील आकडा पाळीपाळीने मुलांकडून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून घ्यावा. पारा फार उतरलेला दिसेल त्या दिवशी शाळा सुटताना रोपांचे आच्छादन आणि अंगणातली शेगडी, या दोहोंची आठवण करून द्यावी.