आपोआप काळं होणारं वेल्डिंग हेल्मेट: किती पैसे, कोणासाठी?

हुबळीचा गोकुळ रोड, तारिहाळ, धारवाडजवळचं बेलूर, कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये डोकावा. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काळ्या काचेची शील्ड. टॅक मारायच्या वेळी मात्र शील्ड बाजूला राहते आणि वेल्डर नुसते डोळे मिटतो. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पडदा भाजतो आणि काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी सुरू होते. आपोआप काळ्या होणाऱ्या हेल्मेटनं हे टाळता येतं, आणि आता ते छोट्या शॉपलाही परवडतं.

या हेल्मेटच्या काचेत काय असतं?
प्रकाश गाळणाऱ्या पट्ट्यांच्या मध्ये लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर. सेन्सरला आर्क दिसताच थराला विजेचा दाब मिळतो, रेणूंची दिशा बदलते आणि काच काळी होते. बऱ्याच हेल्मेटवर हा वेळ 1/25,000 सेकंद असा छापलेला असतो. परत उजळायला जास्त वेळ लागतो, कारण तेव्हा रेणू आपापले पूर्ववत होतात. अतिनील किरण अडवणारा थर वेगळा आणि कायमचा असतो. सेल संपला तरी चांगल्या हेल्मेटमध्ये तो काम करतो.

साधारण किंमत
- साधी हातशील्ड, काळ्या काचेसह: 150 ते 400 रुपये
- दोन सेन्सरचं ऑटो हेल्मेट: 1,000 ते 2,500
- चार सेन्सरचं, शेड (काळेपणाची पातळी) 9 ते 13: 3,000 ते 7,000
- नामांकित कंपन्यांचं: 10,000 च्या पुढे

कोणी कोणतं घ्यावं?
गेट-ग्रिलचं रॉड वेल्डिंग असेल तर दोन सेन्सर चालतात. 100-150 अँपिअरला शेड 10 किंवा 11 ठेवा. टिग वेल्डिंग करणाऱ्यांनी चारच सेन्सर घ्यावेत. कमी करंटचा आर्क मंद असतो, शिवाय पाइपच्या आड एखादा सेन्सर झाकला गेला की काच मध्येच उजळते.

दुकानात तपासा
- ईएन 379 किंवा एएनएसआय झेड 87.1 ही खूण. ईएन 379 च्या पुढचे चार आकडे 1 च्या जितके जवळ, तितकी काच स्वच्छ.
- सेल बदलता येतो का? स्वस्त हेल्मेटमध्ये तो बऱ्याचदा आत बंद असतो.
- बाहेरची पारदर्शक काच सुटी मिळते का? ठिणग्यांनी आधी तीच खराब होते.
- ग्राइंडिंग मोड असेल तर वेल्डिंगआधी तो बंद करायची सवय लावा. त्या मोडमध्ये काच काळी होत नाही.
- पक्कं बिल आणि वॉरंटी.

खरा हिशेब
2,500 चं हेल्मेट, महिन्याला 50 रुपयांची बाहेरची काच, दोन वर्षं वापर. एकूण 3,700. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर रोजचे साधारण 6 रुपये. तितकं टिकवायचं तर हेल्मेट उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, सेन्सर रोज पुसा.

मालकांना एक आग्रहाची विनंती: पट्टी धरून उभा राहणारा हेल्पर आर्कच्या तितकाच जवळ असतो. ऑटो हेल्मेट एकच परवडत असेल तरी त्याच बिलात त्याच्यासाठी साधी शील्ड नक्की घ्या.