मदयनचा करार आणि आजचा कामाचा ताण

कुरआनच्या २८व्या सूरहमध्ये, सूरह अल-कससमध्ये, चाकरीच्या एका कराराचे वर्णन आहे. वाचकहो, आपण ते बहुधा विवाहाची हकिकत म्हणून वाचतो. हजरत मूसा (अ.) मिसरहून जीव वाचवून मदयनला पोहोचले, तेव्हा त्यांच्यापाशी ना घर होते, ना ओळख. अशा माणसाला हवे तसे राबवून घेणे सोपे असते. परंतु तेथील वृद्ध गृहस्थांनी (कुरआनने त्यांचे नाव दिलेले नाही, अनेक भाष्यकार त्यांना हजरत शुऐब (अ.) मानतात) आपल्या मुलीशी विवाहाचा प्रस्ताव मांडतानाच मुदत स्पष्ट केली : ८ वर्षे चाकरी, १० पूर्ण केली, तर ती मूसांची स्वखुशी. तुम्हाला कष्टात टाकण्याची माझी इच्छा नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. मूसांनीही दोहोंपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी आपल्यावर जबरदस्ती होणार नाही, असे ठरवून घेतले आणि अल्लाहला साक्षी ठेवले.

काम जड असणे निराळे आणि त्याची सीमाच ठाऊक नसणे निराळे. भिवंडी किंवा मालेगावचा यंत्रमाग कारागीर पाहा. बारा तासांची पाळी, मीटरमागे मजुरी, वीज गेली की कमाई बंद. त्यात मालकाकडून उचल घेतलेली असेल, तर ‘आज जमणार नाही’ हे शब्द ओठांवर येतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. बारा तासांचे सहा दिवस म्हणजे ७२ तास.

मालकही यातून सुटत नाही. थकलेल्या डोळ्यांना तुटलेला धागा उशिरा दिसतो, ताक्यात दोष राहतो, व्यापारी पैसे कापतो आणि तो राग पुन्हा कारागिरावर निघतो. सुताचे भाव, वीजबिल आणि माल देण्याची तारीख यांनी मालकाचीही झोप उडालेली असते. त्याची अडचण खोटी नाही. पण ती शिवीगाळ करून खाली ढकलण्याचा अधिकार त्याला नाही.

सहीह बुखारीत हजरत अबू जर (रजि.) यांची हदीस आहे. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांची कानउघाडणी केली. त्याच प्रसंगी सांगितले, की हाताखालची माणसे तुमचे बंधू आहेत. त्यांना झेपणार नाही असे ओझे टाकू नका, आणि टाकलेच तर त्यांना साहाय्य करा. अपशब्द आणि अतिभार यांचा उल्लेख एकाच हदीसमध्ये यावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

साहाय्याच्या त्या अटीकडे आपले लक्ष कमी जाते. तातडीची मागणी आली, तर दुसरा माणूस लावावा, एका कारागिराकडचे माग कमी करावेत, नाहीतर मालकाने स्वतः मागापाशी उभे राहावे. जादा पाळीसाठी आधी विचारावे. आणि नकार मिळाला, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचा माग दुसऱ्याच्या हाती देऊ नये.